चंद्रमोहिमेचा जमाखर्च

21 नोव्हेंबर 1962 रोजी व्हाइट हाउसमध्ये झालेल्या एका बैठकीची ध्वनिफीत चाळीस वर्षे जनतेपासून दूर राहिली. 2001 साली ती खुली झाली आणि चंद्रविजयाच्या गौरवगाथांनी झाकलेले एक सत्य उघडे पडले. बैठक होती नासाच्या खर्चाची. अध्यक्ष केनेडींनी नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना विचारले की, चंद्रावर उतरणे हे तुमचे सर्वोच्च उद्दिष्ट आहे काय? वेब यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, ते अनेक प्रमुख उद्दिष्टांपैकी एक आहे. अवकाशाचे शास्त्रीय ज्ञान वाढविणेही तितकेच आवश्यक आहे. केनेडींना हे उत्तर रुचले नाही. रशियाच्या आधी पोहोचणे हेच सर्व खर्चाचे प्रयोजन आहे, एरवी आपल्याला अवकाशात एवढे स्वारस्य नाही, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत बजावले.

ज्या गृहस्थाच्या नावाने मानवजातीच्या ज्ञानलालसेचे गोडवे गायिले जातात, त्याचेच हे बंद खोलीतील मत आहे. यात केनेडींचा दंभ शोधण्याचे कारण नाही. उलट ते खरे बोलत होते. 12 एप्रिल 1961 रोजी युरी गागारिन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. पाच दिवसांनी क्यूबातील क्रांती चिरडण्यासाठी सीआयएने धाडलेली टोळी पिग्जच्या उपसागरात उतरली आणि तीन दिवसांत पराभूत झाली. 20 एप्रिलला केनेडींनी उपाध्यक्ष जॉन्सन यांना लेखी विचारणा केली की, अवकाशाच्या कोणत्या क्षेत्रात आपण सोव्हिएत युनियनला हमखास हरवू शकू? चंद्र निवडला गेला तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून. शास्त्रज्ञांनी तो मागितला नव्हता.

पैसा मात्र भरपूर मिळाला. 1966 साली अमेरिकेच्या संघीय खर्चातील जवळजवळ साडेचार टक्के रक्कम एकट्या नासाकडे गेली आणि ऐन भरात सुमारे चार लाख लोक या कामावर राबत होते. 15 जुलै 1969 रोजी, अपोलो-11 च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनथी खेचरांच्या गाड्या घेऊन गरीब कृष्णवर्णीयांसह प्रक्षेपणकेंद्रावर आले, तेव्हा नासाचे तत्कालीन प्रमुख टॉमस पेन त्यांना सामोरे गेले. उड्डाण थांबवून दारिद्र्य मिटणार असेल तर आपण ती कळ दाबणार नाही, असे पेन म्हणाले. ते चुकीचे बोलले नाहीत. अपोलोचे डॉलर वाचले असते तर ते व्हिएतनामवर बाँब टाकण्यात गेले असते, झोपडपट्टीत नव्हे. पण म्हणूनच ॲबरनथींचा प्रश्न अनुत्तरित राहतो. राज्यकर्त्यांनी ठरविले की आठ वर्षांत अशक्य ते शक्य होते. मग भाकरीच्या बाबतीत असे कधी ठरत का नाही?

शर्यत जिंकताच तिजोरीला कुलूप लागले. 1970 साली अपोलोची उरलेली तीन उड्डाणे रद्द झाली. त्यांच्यासाठी बांधलेले प्रचंड अग्निबाण आज संग्रहालयांच्या आवारात आडवे पडले आहेत आणि सहलीला आलेली मुले त्यांच्याजवळ छायाचित्रे काढतात. चंद्रावर चाललेल्या बारा माणसांत भूशास्त्रज्ञ एकच होता, हॅरिसन श्मिट. आणि तो गेला डिसेंबर 1972 मध्ये, शेवटच्या यानातून. दगड वाचता येणारा माणूस पोहोचला तेव्हा दुकान बंद होत होते.

सोव्हिएत बाजूचा हिशेब टाळून चालणार नाही. स्पुटनिक, गागारिन, तेरेश्कोवा, लेओनोव ही नावे ज्या समाजव्यवस्थेने जगाला दिली, तिनेही 1964 साली, म्हणजे तीन वर्षे उशिरा, चंद्रावर माणूस उतरविण्याचे ठरविले आणि स्पर्धकाने निवडलेल्या मैदानावर पाऊल ठेवले. कोरोल्योव आणि चेलोमेइ यांच्या संस्थांत साधने विभागली गेली. जानेवारी 1966 मध्ये कोरोल्योव वारले. एन-1 हा महाकाय अग्निबाण 1969 ते 1972 या काळात चार वेळा उडाला आणि चारही वेळा नष्ट झाला. हे सर्व 1989 पर्यंत सोव्हिएत जनतेलाही सांगितले गेले नाही. पुढे अमेरिकन शटलला तोड म्हणून बुरान बांधले गेले. 15 नोव्हेंबर 1988 रोजी त्याने माणसाविना निर्दोष उड्डाण केले, तेच पहिले आणि तेच अखेरचे. साम्राज्यवादाने लादलेली स्पर्धा हे कारण खरे आहे. पण लादलेली प्रत्येक स्पर्धा स्वीकारलीच पाहिजे असे नव्हते, आणि अपयश लपविण्याची सक्ती तर वॉशिंग्टनने केली नव्हती.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. 20 सप्टेंबर 1963 रोजी खुद्द केनेडींनी संयुक्त राष्ट्रांत दोन्ही देशांच्या संयुक्त चांद्रमोहिमेची कल्पना मांडली होती. अमेरिकन काँग्रेसने त्याच वर्षी नासाच्या निधीला अट जोडली की, आपल्या संमतीवाचून अशा संयुक्त मोहिमेवर पैसा खर्च होता कामा नये. शत्रू मित्र झाला तर मागण्या कोणत्या तोंडाने करायच्या, ही कंत्राटदारांची चिंता समजण्यासारखी आहे. त्याच काँग्रेसने 2011 साली नासाला चीनशी द्विपक्षीय सहकार्य करण्यास मनाई केली. अठ्ठेचाळीस वर्षांनी देशाचे नाव तेवढे बदलले. आता चीनच्या आधी चंद्रावर परतण्याची भाषा आहे. नासाच्याच महानिरीक्षकांनी 2025 पर्यंतचा आर्टेमिस मोहिमेचा खर्च 93 अब्ज डॉलर असा काढला होता; आणि त्याच 2025 साली व्हाइट हाउसने नासाच्या शास्त्रीय संशोधनाचा निधी जवळजवळ निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मांडला. वेब आणि केनेडी यांचा वाद अजून संपलेला नाही, आणि निकालही तोच लागत आहे.

या स्पर्धेच्या फटींतून भारतासारख्या देशांना काही मिळालेही. 1963 साली थुंब्याहून उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकेचा होता. पुढे तेथे सोव्हिएत संगणकही आला. 1975 साली आर्यभट्ट सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात गेला, आणि त्याच वर्षी अमेरिकन उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील 2400 खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शन पोहोचले. दोन दुकाने समोरासमोर असली की गिऱ्हाइकाला भाव मिळतो. एक दुकान बंद पडल्यावर काय झाले, ते क्रायोजेनिक इंजिनाच्या प्रकरणात दिसले. तंत्रज्ञानासह इंजिने देण्याचा करार 1991 साली ग्लावकॉसमॉसशी झाला. क्षेपणास्त्रप्रसाराचे निमित्त करून मे 1992 मध्ये अमेरिकेने त्या संस्थेवर आणि इस्रोवर निर्बंध घातले. वास्तविक इतक्या थंड इंधनावर चालणारे इंजिन क्षेपणास्त्राच्या कामाचे नसते, कारण ते इंधन आयत्या वेळी भरावे लागते आणि साठवून ठेवता येत नाही. 1993 साली येल्त्सिन सरकारने माघार घेतली आणि तंत्रज्ञानाऐवजी सात तयार इंजिने देऊ केली. त्याच वर्षी रशियाला अमेरिकेच्या अवकाशस्थानकात भागीदारी मिळाली. भारतीय इंजिनावर उपग्रह यशस्वीपणे चढायला 5 जानेवारी 2014 उजाडावे लागले. त्या कामात विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातील कामगारांचे हात होते, ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच आली.

जून 2023 मध्ये भारत सरकारने आर्टेमिस करारावर सही केली. गगनयानासाठी निवडलेले चारही अंतराळवीर त्यापूर्वीच मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात शिकून आले होते. त्यांच्यापैकी शुभांशू शुक्ला जून 2025 मध्ये अवकाशस्थानकात गेले ते फ्लोरिडाहून, एका अमेरिकन खाजगी कंपनीच्या यानातून. आणि त्या आसनाचे पैसे भारताच्या तिजोरीतून मोजले गेले.