बैल थांबतो, ट्रॅक्टर थांबत नाही



गळीत हंगाम संपला की कारखान्याचा भोंगा गप्प होतो. सभासदाचे काम मात्र संपत नाही. उसाच्या वाहतुकीवर गेलेले ट्रॅक्टर घरी येतात, खोडव्याची मशागत उरकते, आणि मग नजर जाते ती बांधावरच्या वाळलेल्या बाभळीकडे, ओढ्याकाठी वावटळीत पडलेल्या लिंबाकडे. मृगाच्या आत ही खोडे रानाबाहेर निघाली पाहिजेत. नाहीतर एकदा काळी माती भिजली की माणूसही आत जाऊ शकत नाही, मग लाकूड कुठले निघायला! ट्रॅक्टर दारात उभा असतो, घरातला तरणा पोरगा रिकामा असतो. साखळी अडकवली, ओढले, झाले. "त्याला काय होतंय?" असे म्हणून काम सुरू होते. या "काय होतंय" बद्दलच आम्हाला आज चार शब्द लिहायचे आहेत.

आपला धाराशिव जिल्हा हा काही जंगलाचा जिल्हा नव्हे. सागाची राने पाहायची तर तिकडे गडचिरोलीत आलापल्लीला जावे लागते. तिथे कमलापूरच्या हत्तींकडून वनखाते वर्षानुवर्षे ओंडके ओढून घेत असे. लाकूड कसे पाडायचे, कुठे बांधायचे, कोणत्या वाटेने काढायचे, हे तिथल्या माहुताला आणि मजुराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. आपल्याकडे बालाघाटाच्या डोंगरउतारावर, येडशी-रामलिंग घाटात जे काही रान आहे ते अभयारण्याचे. तिथल्या काडीलाही हात लावायचा नाही. आपले जंगल म्हणजे बांध, ओढा, आणि तेरणा-मांजरेचा काठ. झाडे थोडी, काम वर्षातून दोन-चार दिवसांचे. आणि धोका नेमका इथेच आहे. जे काम रोज करतो त्यात हात बसतो. जे वर्षातून एकदा करतो त्यात माणूस अंदाजाने चालतो. उसाची भरलेली ट्रॉली ओढणारा पोरगा स्वतःला पट्टीचा ड्रायव्हर समजतो, आणि तो असतोही. पण ट्रॉलीला चाके असतात, ओंडक्याला नसतात. फरक एवढाच, पण तो जिवावरचा आहे.

पूर्वी हेच काम बैल करीत. दोन बैल, कधी चार, जुवाला साखळदंड, मागे ओंडका. वाटेत बुडखा आला, ओंडक्याचे नाक मातीत रुतले, की बैल एकदा जोर लावी, दुसऱ्यांदा लावी, आणि तिसऱ्यांदा मान खाली घालून उभा राही. कितीही चाबूक ओढा, जागचा हलायचा नाही. आपण त्याला आळशी म्हणत होतो. खरे म्हणजे तो शहाणा होता. अडलेले ओढू नये एवढी अक्कल त्याच्या ठायी होती. ट्रॅक्टरला ती नाही. पहिल्या गिअरमध्ये टाकलेला ट्रॅक्टर ओंडका अडला तरी ओढतच राहतो. ओंडका पुढे येत नाही, मागची चाके पकड सोडत नाहीत, मग इंजिनाच्या जोराने जायचे कुठे? तो जोर ट्रॅक्टरलाच उचलतो. पुढची चाके जमीन सोडतात, आणि मागच्या आसाभोवती सगळा सांगाडा फिरून चालकाच्या अंगावर पालथा पडतो.

याला वेळ किती लागतो? अभ्यासकांनी मोजून ठेवले आहे. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परत न येण्याची हद्द ओलांडतो आणि दीड सेकंदात पूर्ण पालथा होतो. काय घडतंय हे डोक्यात शिरून पाय क्लचवर जाईपर्यंतच पाऊण सेकंद निघून जातो. म्हणून "मी हुशार आहे, वेळेवर क्लच दाबीन" या भरवशावर कोणी राहू नये. इथे हुशारी ओढण्याच्या आधी, साखळी बांधताना चालते. नंतर चालत नाही.

साखळी कुठे बांधायची, हाच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. खाली ड्रॉबारला बांधली, म्हणजे मागच्या आसाच्या खाली, तर पुढची चाके उचलू लागताच ड्रॉबार खाली दबतो, ओढीचा जोर कमी होतो आणि ट्रॅक्टरला सावरायला संधी मिळते. तीच साखळी वर टॉप लिंकच्या खुंटीला, सीटखालच्या पट्टीला किंवा आसाच्या नळीवर गुंडाळली, तर ट्रॅक्टर जसा उचलतो तसा त्याला मागे पाडणारा जोर वाढत जातो. मग देवही आडवा येत नाही. वर बांधले की ओंडक्याचे तोंड जरा उचलून येते आणि ओढायला सोपे जाते, म्हणून लोक वर बांधतात, हे आम्हाला माहीत आहे. सोपे जाते हे खरेच. पण त्या सोपेपणाची किंमत फार मोठी आहे.

आता छोट्या ट्रॅक्टरचे पाहू. द्राक्षबागेसाठी, आंतरमशागतीसाठी १५ ते २५ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर गावोगाव आले. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना राज्य शासनाच्या समाजकल्याण खात्याने ९० टक्के अनुदानावर ते दिले. हंगामात असेच छोटे ट्रॅक्टर ऊसही वाहतात. कारखान्यांच्या करारात त्यांना 'अंगद' म्हणतात. यंत्र गुणाचे आहे. बांधाच्या कोपऱ्यात वळते, डिझेल कमी खाते. पण नाव अंगद असले तरी त्याचा पाय रावणाच्या दरबारात रोवलेला नाही! १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन पाऊण टनाच्या आसपास. बागेच्या ओळीतून जावा म्हणून त्याची दोन चाके जवळजवळ, म्हणून आडव्या उतारावर तो कुशीवरही लवकर कलंडतो.

आणि मागे बांधलेल्या लाकडाचे वजन? ओले जड लाकूड घनमीटरला साधारण एक टन धरावे. दीड फूट जाडीचा, दहा फूट लांबीचा ओंडका म्हणजे अर्धा टन. तोच दोन फूट जाडीचा घेतला तर जवळजवळ नऊशे किलो. जाडी अर्धा फुटाने वाढली, पण वजन पावणेदोन पट झाले! डोळ्यांना दोन्ही ओंडके सारखेच वाटतात. म्हणजे चिंचेचा एक बरा बुंधा आपल्या मिनी ट्रॅक्टरपेक्षा जड निघतो. उसाच्या वजनाची पावती काट्यावर मिळते; ओंडक्याला काटा नाही, म्हणून टेपाने तरी मोजावा.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. खोड जागेवरच कापून तुकडे पाडा; चार खेपा झाल्या तरी चालेल, एका खेपेचा हट्ट नको. ओंडक्याच्या पुढच्या तोंडाची कड कुऱ्हाडीने तासून गोल करा, म्हणजे नाक मातीत घुसणार नाही. वाट आधी पायी चालून पाहा, बुडखे, दगड, भेगा हेरून ठेवा. साखळी ड्रॉबारलाच. खालच्या दोन लिंकमध्ये आडवी पट्टी असेल, तर तिला पक्के ताण लावून ती खालीच ठेवा. पुढे वजनाच्या पाट्या लावा, दोन्ही ब्रेक जोडून घ्या. क्लच हळू सोडा. हिसका देऊन साखळी ताणू नका. ओंडका अडला की थांबा, साखळी ढिली करा, पहारीने ओंडका फिरवा आणि मग पुन्हा ओढा. थोडक्यात, बैलासारखे वागा. उतारावर सरळ उतरा, आडवे जाऊ नका, न्यूट्रल करू नका. मागचा ओंडका घसरून चाकावर येतो हे ध्यानात ठेवा. नायलॉनचा दोर वापरू नये. तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो. बघ्यांना दूर उभे करा, आणि मडगार्डवर पोरेबाळे बसवू नका. मडगार्ड म्हणजे काही पाळणा नव्हे.

यावर काही सभासद म्हणतील, "झाड आमचे, ट्रॅक्टर आमचा, यात कारखान्याचा काय संबंध?" संबंध आहे. हंगामात वाहतूकदाराशी करार होतो, त्याला उचल दिली जाते, ट्रॉलीला मागे लाल कापड आणि रिफ्लेक्टर लावले आहेत का ते पाहिले जाते. म्हणजे सहा महिने या ट्रॅक्टरची आणि चालकाची काळजी संस्था घेते. उरलेले सहा महिने तोच चालक, तोच ट्रॅक्टर, पण विचारणारे कोणी नाही. आणि चालक म्हणजे कोण? परका नव्हे, सभासदाचाच मुलगा, पुतण्या, भाऊ. तो गेला तर पुढल्या वर्षी उसाची नोंद कोण करणार, आणि घेतलेले कर्ज कोण फेडणार? शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये देणारी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शासकीय योजना २०२३ पासून आहे. ती असावीच. पण दोन लाखांनी घरातला कर्ता माणूस परत येत नाही, आणि दोन लाख मिळतात म्हणून कोणी बेफिकीर राहू नये.

आमचे स्पष्ट मत असे, की प्रत्येक गट कार्यालयात कारखान्याने एक सामाईक संच ठेवावा. चांगली पोलादी साखळी, हूक, जाड कप्पी, पहारी आणि दोन-तीन लोखंडी पाचरी. हा संच सभासदांनी नाममात्र भाड्याने न्यावा आणि काम झाले की परत आणावा. कप्पी फार उपयोगाची. तिच्यामुळे ओढीची दिशा बदलता येते आणि ट्रॅक्टर ओढ्याच्या उतारात न उतरवता वरच्या टणक जमिनीवर उभा ठेवता येतो. ज्या कामाला वर्षातून दोन दिवस लागतात, त्यासाठी प्रत्येकाने वेगळा खर्च का करावा? बी-बियाणे, औषध फवारणी यांसाठी आपण एकत्र आलो. जीव वाचवायला का येऊ नये? शेतकी खात्याच्या मदतीने, हंगाम संपताच, दर गटात अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिकही व्हावे. भाषणे नकोत, साखळी कुठे बांधायची तेवढे हाताने करून दाखवावे.

दुसरी गोष्ट सुरक्षा-चौकटीची. सीटमागे उभी केलेली मजबूत चौकट आणि कमरेला पट्टा असला, तर ट्रॅक्टर उलटला तरी चालक तिच्या आत वाचतो. स्वीडन देशाने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला ही चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू पुढे नाममात्र राहिले. आपल्या शेतातले बहुतेक जुने ट्रॅक्टर चौकटीविना आहेत. ट्रॅक्टर-कर्जाची शिफारस करताना संस्थेने चौकटीची अट घालावी. गावठी वेल्डिंग करून नळ्या जोडल्या म्हणजे चौकट होत नाही, हेही सांगून ठेवतो. ट्रॅक्टरचा भार पेलेल अशीच, तपासलेली चौकट पाहिजे.

आणखी एक. साखळी बांधण्याआधी कागद पाहावा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडे आहेत. बांध आपला असला तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ अनुसूचीत नाही, म्हणून ती बेवारस समजू नये. जू, गाडीचे आरे, नांगराचे लाकूड तिनेच पुरवले. आपल्या जिल्ह्यात झाड आधीच कमी. उभे झाड राखावे, पडलेले तेवढे उचलावे, आणि एक उचलले तर त्याच बांधावर दोन लावावीत.

हा विषय येत्या वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने मांडावा, अशी आमची इच्छा आहे. उसाचा भाव, काट्याचे वजन, तोडणीचा क्रम यांवर आपण तासन् तास बोलतो, आणि बोललेच पाहिजे. त्यातली दहा मिनिटे या साखळीला द्यावीत. तोपर्यंत या उन्हाळ्यात जो कोणी ओंडका ओढणार असेल, त्याने इंजिन सुरू करण्यापूर्वी खाली उतरून एकदा मागे पाहावे. साखळी ड्रॉबारला असेल तरच वर चढावे.