माजघरातली खाट

मालवण, वेंगुर्ले, देवगड या पट्ट्यातून आपल्या व्यवसायबंधूंकडे येणाऱ्या कामांत सध्या जुनी घरं जास्त आहेत. मुंबईची नोकरी संपवून गावी परतणारी जोडपी आहेत, तशीच निवास-न्याहारीसाठी दोन खोल्या काढू पाहणारी कुटुंबंही आहेत. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून ही दुसरी मंडळी वाढतच गेली. मागणी दोघांचीही एकच असते: मुख्य बेडरूम नीट करून द्या. आणि बोट दाखवलं जातं ते बहुधा माजघराकडे, कारण घरातली सर्वांत मोठी बंद खोली तीच.

माजघर झोपण्यासाठी बांधलेलं नव्हतं. पुढे खळं, मग लोटा, ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि मागीलदार, कडेने पडव्या अशी ही घरं. साऱ्या घराची ये-जा माजघरातून व्हायची. म्हणून त्याला तीन-चार दारं, आणि बाहेरची भिंत नसल्यामुळे खिडकी जवळपास नाहीच. आपण कागदावर नकाशा काढतो तेव्हा नजर पहिल्यांदा सलग भिंत शोधते, कारण पलंगाची पाठ कुठे लावायची हा आपला पहिला प्रश्न. ती भिंत मिळत नाही, मग एखादं दार चिऱ्याने बुजवलं जातं. बहुतेक वेळा स्वयंपाकघराकडचं. हे दार बुजवू नका, एवढंच मला या महिन्यात आग्रहाने सांगायचं आहे.

एक माप घेऊ. बारा फूट लांब, अकरा फूट रुंद माजघर. ओटीचं दार पूर्वेच्या भिंतीत मधोमध, स्वयंपाकघराचं त्याच्या बरोबर समोर पश्चिमेला. तिसरं दार उत्तरेच्या भिंतीत, बाजूच्या खोलीचं. समोरासमोरच्या दोन दारांमध्ये तीन फुटांची वाट सोडली की दोन्ही अंगांना चार-चार फुटांच्या पट्ट्या उरतात. पाच फूट रुंद, साडेसहा फूट लांब पलंग यांतल्या कुठल्याच पट्टीत बसत नाही, आणि इथेच चिरे मागवले जातात.

त्याऐवजी खाट दक्षिणेच्या सलग भिंतीला पाठ लावून, बारा फुटांच्या बरोबर मध्यावर ठेवून पाहा. दोन्ही बाजूंना साडेतीन फूट राहतात, पायथ्याशी साडेचार. दाराची सरळ वाट खाटेने अडते, पण पायथ्याला वळसा घालून माणूस आरामात जातो. रात्री उठून पाणी प्यायला जाणाऱ्याला एवढं पुरे. भाताचा टोप घेऊन जाणाऱ्याला मात्र पुरत नाही. म्हणून दिवसाची ये-जा पडवीतून वळवावी लागते आणि तो खर्च आराखड्यात पहिल्याच दिवशी धरावा लागतो: पडवीला फरशी, वर पागोळ्या आत न येतील एवढी पाख, स्वयंपाकघराला पडवीतून दार. दक्षिणेला डोकं येतं म्हटल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांचीही हरकत राहत नाही, हाही फायदाच.

दार उघडं ठेवण्याचं खरं कारण वारा आहे. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री जमीन निवली की जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो. पूर्वाभिमुख घरात हा रात्रीचा वारा ओटीवरून आत येतो आणि स्वयंपाकघरावरून मागीलदारी निघतो. बाहेर पडायला वाट नसली तर तो आतही येत नाही. ज्या वेळी खोली वापरायची त्याच वेळचा वारा आपण चिऱ्याने अडवतो, आणि मग बिनखिडकीच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसवून देतो. दाराला आडव्या फळ्यांचं झडपांचं पान लावा, नाहीतर दारावर लाकडी गजांचा झरोका काढा. आडोसा राहतो, वाराही राहतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर असतो तेव्हा हा दिवस-रात्रीचा खेळ मोडतो. त्या महिन्यांसाठी झडपा मिटता आल्या पाहिजेत.

उजेडाचं काम वरून करावं. मंगळुरी कौलांच्या मापाचं काचेचं कौल मिळतं; अशी दोन-तीन कौलं बसवली तर दिवसा दिवा लावावा लागत नाही. माळा असेल तर त्यात तेवढा झोत उतरायला जागा ठेवावी. काचेचं कौल उशीच्या वर मात्र नको, पहाटेच जाग येते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ही कौलं पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्या छपराखाली हवा खेळते, कारण कौलांच्या सांध्यांतून ती सतत निसटत असते. तिथे पीओपीचं खोटं छत लावलं की वरच्या पोकळीत ओल, उंदीर आणि गरम हवा साठते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात या किनाऱ्यावर अनेक घरांची कौलं उडाली. त्यानंतर ज्यांनी पत्रे घातले त्यांना खाली काहीतरी हवंच. उकाडा आणि पावसाचा आवाज दोन्ही सोसवत नाहीत. त्यांना फळ्यांचं छत द्या, कडेने दोन बोटं फट ठेवून.

दारं अडचणीची वाटतात, पण माजघराच्या भिंती फार उपयोगाच्या आहेत. त्या आतल्या आहेत. पावसाचा मारा पडतो तो पडवीच्या बाहेरच्या भिंतींवर. चिरा सच्छिद्र, तो पाणी पितो, आणि त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर ते पाणी बाहेर पडायला मार्ग राहत नाही. अशा भिंतीला चिकटून कपाट केलं की श्रावण संपेपर्यंत मागच्या बाजूला बुरशी धरलेली असते आणि पैठणीला वास लागलेला असतो. कपडे माजघरात, आतल्या भिंतीला ठेवावेत. आपल्या मापाच्या खोलीत वायव्येच्या कोपऱ्यात दाराशेजारी चार फुटांचं कपाट बसतं. पाय सहा इंचांचे, पाठ भिंतीपासून दोन इंच सुटी. पलंगालाही पाय हवेत. खाली पेटी असलेला पलंग शहरात सोयीचा. इथे त्या पेटीत जमिनीची ओल अडकते आणि गादी खालून खराब होते.

कपाट आत न्यायचं कसं, हा प्रश्न आपण उशिरा विचारतो. जुनी दारं बुटकी, अरुंद, खाली उंच उंबरठा. सात फूट उंच, दोन फूट खोल कपाट आडवं आणून उभं करायचं तर वर सात फूट साडेतीन इंच मोकळे लागतात, आणि माळ्याची तुळई कितीदा त्याच्या आतच असते. सुटे भाग आत नेऊन जोडायचे, असंच सुताराला सांगावं. उंबरठा कापू नये. घरच्यांसाठी ते नुसतं लाकूड नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. समुद्र जवळ असेल तर साधे लोखंडी स्क्रू टिकत नाहीत. ३०४ प्रतीच्या स्टीललाही डाग पडतात, ३१६ घ्यावं किंवा सरळ पितळ. प्लायवूड आयएस ७१० चं, कडा चारही बाजूंनी बंद केलेल्या. घरचा फणस पडलेला असेल आणि लाकूड नीट सुकलेलं असेल, तर खाटेसाठी त्याहून चांगलं मी काही सुचवणार नाही. उघडा चिरा दाखवायची जी आवड आली आहे ती ओटीवर शोभते. माजघरात तो असलेला उजेड गिळतो. तिथे चुन्याची सफेदी हवी. रंग हवाच असेल तर खाटेच्या पाठीवर सावंतवाडीचं लाखकाम करून घ्या. हा हात दुसरीकडे मिळत नाही, आणि आपल्या कामांतून त्या कारागिरांकडे फार थोडे पैसे जातात याचं मला वाईट वाटतं.

राहिली चतुर्थी. वर्षभर दोघांची असलेली ही खोली त्या दिवसांत सगळ्या चाकरमान्यांची होते. काही घरांत गणपती माजघरातच बसतो, मागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवतात आणि वरच्या तुळईला माटवी टांगतात. अशा घरात खाट दोन माणसांना उचलता येईल अशी, खुंट्यांवर सुटणारी हवी, आणि स्वयंपाकघराचं दार पुन्हा पुरतं उघडलं पाहिजे, कारण त्या दिवसांत नैवेद्याची ताटं तिथूनच येतात. माटवीच्या कड्या कुठल्या तुळईला आहेत हे पहिल्या भेटीतच घरच्या बाईमाणसांना विचारून नकाशावर नोंदवा. पंखा त्यांच्या आड येता कामा नये.

वाचकांनी आपापल्या कामांतली माजघरं मोजून आराखडे पाठवावेत. दारांची उंची-रुंदी, उंबरठे, तुळयांची खालची पातळी, घराचं तोंड कुठल्या दिशेला आणि रात्रीचा वारा कुठून येतो, एवढं त्यात असावं. बुजवलेली दारंही तुटक रेषेने दाखवावीत.