दिवा लागला म्हणजे सुटा भाग बदलायचा काय?



उसाच्या अंकात गाडीच्या इंजिनाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आधी देतो. आपला गोंदिया जिल्हा धानाचा. ऊस असतो तो धानाच्या बांध्यांमध्ये इथे-तिथे विखुरलेला. त्यामुळे वाहतूक लांबची. तोडलेला ऊस शक्यतो 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही दर हंगामात सांगतो. उशीर झाला की वजन घटते आणि साखरही उतरते. वाटेत वाहन बंद पडले तर नुकसान केवळ दुरुस्तीचे नसते, उसाचेही असते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आता बदलले काय ते पाहू. 1 एप्रिल 2020 पासून देशात नव्या गाड्या बीएस-6 नियमाच्याच विकल्या जातात. 2023 पासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागले. या इंजिनांत डिझेल किंवा पेट्रोल किती सोडायचे हे आता संगणक ठरवतो. जागोजागी बसवलेले सेन्सर त्याला क्षणाक्षणाची खबर देतात. मोटारीत स्टीअरिंगच्या खाली 16 पिनांचा एक सॉकेट असतो. त्यात स्कॅनर लावला की तीच खबर आपल्यालाही वाचता येते.

पण वाचायचे काय? येथेच आमचे आणि पुष्कळ मिस्त्रींचे चुकते. आमचीच गोष्ट सांगतो. गेल्या थंडीत आमच्या पेट्रोल गाडीचा इंजिनाचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. पाण्याच्या तापमानासंबंधीचा कोड निघाला. त्याने तापमानाचा सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा विझला. आठ दिवसांनी दिवा परत हजर. पुन्हा सेन्सर बदलला, पुन्हा पैसे गेले, पुन्हा तेच. शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रीने कोड बाजूला ठेवला आणि म्हणाला, ‘साहेब, तुम्ही गाडी चालवा, मी आकडे पाहतो.’ गोरेगाव रस्त्याने वीस मिनिटे गाडी चालवली, तरी पाण्याचे तापमान 65 अंशांच्या वर जाईना. गरम इंजिनात ते 90 च्या आसपास हवे. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. सेन्सर बिचारा खरे बोलत होता, आम्हीच त्याला दोनदा खोटा ठरवला!

आम्हाला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. पान पिवळे दिसले की युरियाचे पोते फोडणाऱ्या सभासदाला आम्हीच रागावतो. ‘भाऊ, बांधीत पाणी साचले काय, लोह कमी पडले काय, ते आधी पाहा,’ असे सांगतो. पिवळे पान ही खूण आहे, रोग नव्हे. स्कॅनरवरचा कोडही तसाच. पी-0171 म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते आहे, एवढेच. कारण हवेच्या नळीला चीर असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल किंवा पेट्रोल पंप दमला असेल. कोड बांधी दाखवतो, बांधीतली कीड दाखवत नाही. ती चालू आकड्यांतून शोधावी लागते.

त्यातही एका आकड्यावर भिस्त नको. उसाची पक्वता पाहताना आपण रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याचा, मधला आणि शेंड्याचा ब्रिक्स घेतो. इंजिनाचेही आकडे थंड असताना, गरम झाल्यावर आणि भाराखाली असे तीनदा पाहावेत. चालू इंजिनात बॅटरीचा दाब साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट हवा. तो 12 च्या आसपासच राहिला तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासा. डिझेल गाडीत संगणकाने मागितलेला रेल-दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी ठेवा. चढावर मिळालेला मागे पडला, तर महागड्या इंजेक्टरच्या आधी डिझेल फिल्टर पाहा.

‘पूर्वीचे मिस्त्री कानानेच ओळखत,’ असे जुने सभासद म्हणतात. खरे आहे, आणि तो कान आजही लागतो. झिजलेले बेअरिंग किंवा ढिला बोल्ट स्कॅनर सांगत नाही. जुन्या साध्या पंपाच्या ट्रॅक्टरात तर त्याला वाचण्यासारखे काही नसतेच. स्कॅनर कानाची जागा घेत नाही, तो अंदाजाची जागा घेतो.

काही पथ्ये पाळा. कोड कागदावर उतरवल्याशिवाय पुसू देऊ नका, पुरावा जातो. गाडी चालवणाऱ्याने आकडे पाहू नयेत, शेजारी दुसरा माणूस बसवावा. मोबाईलवर चालणारे स्वस्त यंत्र काम झाल्यावर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते.

आमचे मत असे की, प्रत्येक सभासदाने स्कॅनर विकत घेण्याची गरज नाही. सहकार कशासाठी आहे? कारखान्याच्या वर्कशॉपने एक चांगले यंत्र घ्यावे. मोटार, पिकअप आणि नवे ट्रॅक्टर या सर्वांना चालेल असे ते असावे, कारण ट्रॅक्टरचा सॉकेट वेगळा असू शकतो. एका मुलाला ते नीट शिकवावे आणि गळीत हंगामापूर्वी गटवार तपासणी ठेवावी. फी नाममात्र घ्यावी, पण आकड्यांचा कागद सभासदाच्या हातात द्यावा. तो कागद हाती असला की ‘हा भाग कशावरून बदलता?’ असे मिस्त्रीला विचारता येते. आज आपण ते विचारत नाही, मुकाट्याने पाकीट काढतो.

सभासदांनी याबाबत आपले मत गट कार्यालयात लेखी कळवावे. विरोधी मत असले तरी अवश्य कळवावे.

— ऊस विकास अधिकारी