पांडुरोगाची चिकित्सा आणि फेरिटिनची तपासणी

रिसोड तालुक्यातील रिठद व परिसरात निंदण-खुरपणाचे दिवस आले की थकवा, धाप, छातीतील धडधड आणि चक्कर या तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते. आपण पापणी ओढून पांडुता पाहतो, हिमोग्लोबिनचा आकडा वाचतो आणि लोहकल्प लिहून देतो. आमच्या मते येथे परीक्षेची एक पायरी सुटते. ती म्हणजे रक्तातील फेरिटिनची तपासणी.

प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्क्यांवर गेले. परंतु रक्तक्षय म्हणजे लोहाची उणीव, हे समीकरण प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही.

फेरिटिन हे शरीरातील लोहाचे कोठार होय. लोहाचा साठा मुख्यतः यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत असतो. त्याचा अंदाज रक्तातील अल्प फेरिटिनवरून येतो. यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मूलस्थाने आपल्या संहितांनी सांगितली आहेत. म्हणून फेरिटिन म्हणजे रक्तधातू असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. लोह कमी पडू लागले की आधी साठा रिकामा होतो, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. म्हणजेच हिमोग्लोबिन पुरेसे असूनही कोठार रिते असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढात फेरिटिन प्रतिलिटर १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास लोहाची उणीव समजावी. मात्र ज्वर, जंतुसंसर्ग वा शोथ असताना फेरिटिन वाढते. अशा प्रौढांसाठी ही मर्यादा ७० धरली आहे. म्हणून ताप ओसरल्यावर तपासणी करावी, अथवा सोबत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन पाहावे. यकृतविकारातही आकडा फसवा ठरतो.

विदर्भात या तपासणीचे महत्त्व अधिक आहे. येथे सिकलसेलचे रुग्ण व वाहक आढळतात, थॅलेसेमियाचे वाहकही भेटतात. थॅलेसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिन किंचित कमी व रक्तपेशी लहान असतात, पण फेरिटिन बहुधा प्राकृत असते. त्याला महिनोन्महिने लोह देऊन लाभ होत नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर लोह आधीच साठलेले असते. तेथे नवायस चूर्ण वा धात्री लोह देणे अपायकारक ठरू शकते. अशा रुग्णांना हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी सुचवणे हेच हितावह.

याउलट पुरुषात किंवा रजोनिवृत्त स्त्रीत फेरिटिन कमी आढळल्यास लोहकल्पावर समाधान न मानता रक्त कोठून जाते आहे हे शोधावे. अर्श, आमाशयातील व्रण किंवा आतड्याचा अर्बुद यांपैकी काहीही असू शकेल.

आधुनिक तपासणीने शास्त्राची अवहेलना होते, असे काही वैद्यबंधू म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. आधी रोगाची परीक्षा, मग औषध, हा क्रम चरकसंहितेनेच घालून दिला आहे. पांडूचा मृद्भक्षणजन्य प्रकार सांगणाऱ्या आचार्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते! लोहाची उणीव असलेल्या कित्येकांना आजही माती खावीशी वाटते. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. अग्नी, कोष्ठ व दोष पाहूनच कल्प ठरवायचा आहे. फेरिटिन त्याची जागा घेत नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र रास्त आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीला प्रत्येक वेळी ही तपासणी सांगणे अन्यायाचे होईल. गर्भिणी, अत्यार्तवाच्या रुग्णा, उपचाराने न सुधारणारे आणि दीर्घकाळ लोहकल्प घेणारे, एवढ्यांपुरता आग्रह धरला तरी पुष्कळ साधेल.

औषधविक्रेत्यांनाही आमची विनंती आहे. ‘रक्त कमी आहे’ एवढ्या शब्दांवर लोहासव वा पुनर्नवा मंडूर हाती देऊ नये. वैद्याची चिठ्ठी मागावी. हिमोग्लोबिन सुधारले म्हणून औषध लगेच थांबवू नये, साठा भरण्यास त्यापुढे साधारण तीन महिने लागतात, हेही ग्राहकास सांगावे.

आपले लोहकल्प गुणकारी आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. उपचारापूर्वी व नंतरचे आकडे रुग्णपत्रिकेवर नोंदवले, तर ते दाखवताही येईल. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्यांना लोहाची गरज नाही त्यांना ते देण्याचे आपल्याकडून टळेल.