भेगाळलेल्या जमिनीचे खोटे चित्र

घाटंजी परिसराचे निसर्गचित्र म्हणून जे काढले जाते, त्यातली दोन चित्रे आम्हांला आता न पाहताही सांगता येतात. एकात फुललेला पळस, मागे निळसर टेकड्या, वाघाडी नदीचे नितळ पाणी आणि एक बैलबंडी. दुसऱ्यात भेगाळलेली काळी जमीन, पर्णहीन झाड आणि डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी. पहिल्याला 'निसर्गरम्य' म्हणण्याची रीत आहे, दुसऱ्याला 'वास्तवदर्शी'. आमचा आक्षेप दोन्हींवर आहे. पण दुसऱ्यावर अधिक, कारण पहिले चित्र निदान सत्याचा दावा तरी करीत नाही.

या दुसऱ्या चित्राचे मूळ छायाचित्रात आहे. यवतमाळ जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर बोलला जाऊ लागला, तेव्हापासून भेगाळलेली जमीन हे या जिल्ह्याचे जणू बोधचिन्ह झाले. छायाचित्रकाराने ते टिपले, वृत्तपत्राने छापले आणि चित्रकाराने ते समोर ठेवून कॅनव्हासवर उतरवले. या साखळीत एकालाही एक साधी गोष्ट विचारावीशी वाटली नाही : ही जमीन भेगाळते ती का?

कपाशीची काळी जमीन चिकणमातीची असते. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आकसते आणि आकसताना फाटते. ज्या वर्षी कापूस मापी पिकला, त्याच्या पुढच्या वैशाखातही ती तशीच फाटते. वरची माती भेगांत पडते, मृगाचे पहिले पाणी त्याच भेगांतून खोल जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा जमिनीचा स्वभाव आहे, संकट नव्हे. शिवाय यवतमाळ हा काही अवर्षणाचा प्रदेश नाही. येथे वर्षाकाठी सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथल्या शेतकऱ्याचे दुःख कोरडवाहू कपाशीचा वाढता खर्च, कर्ज, बेभरवशाचा पाऊस आणि बेभरवशाचा भाव यांत आहे. भेगेच्या चित्राने ही सारी गुंतागुंत पुसून दोष आभाळावर ढकलला. आभाळावर दोष गेला की माणसे सुटतात. म्हणून हे चित्र केवळ सपक नाही, ते अपायकारक आहे.

याच्या उलट बाजूकडे पाहावे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वेळी जमिनीला एकही भेग नव्हती. पऱ्हाटी हिरवीगार, दाट, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पसरलेली होती. त्या शेताचे छायाचित्र काढले असते, तर ते खात्रीने 'निसर्गरम्य' या सदरात गेले असते. मृत्यू हिरव्यात होता आणि आमचे कलावंत तो तपकिरीत शोधीत होते. डोळ्यांऐवजी ठशाने पाहिले म्हणजे काय होते, याचे याहून कठोर उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल की आम्ही कॅमेऱ्याचे वैरी आहोत. तसे मुळीच नाही. 'रम्य' दृश्याचा साचा कॅमेऱ्याच्या आधीचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' घेऊन हिंदुस्थानभर हिंडले. त्या पेटीने रेषा अचूक दिल्या. पण कोणते दृश्य चित्रयोग्य, याचा निवाडा त्यांनी इंग्लंडहून बरोबर आणलेल्या अभिरुचीने केला. यंत्र निर्दोष होते, निवाडा उसना होता. आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ब्रश न सोडता चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवला, तेव्हा यंत्र आणि चित्र यांत वैर असल्याचे त्यांना वाटले नाही. भांडण यंत्राशी नाही. निवाडा यंत्रावर सोपवून मोकळे होणाऱ्या आळसाशी आहे.

हा आळस कोठे पकडला जातो, तेही सांगतो. वैशाखाच्या दुपारी शेतातल्या कडुनिंबाकडे कॅमेरा रोखला, तर आभाळ आणि सावली ही दोन्ही त्याला एकदम पेलत नाहीत. आभाळ राखावे तर सावली काळीठिक्कर पडते, सावली राखावी तर आभाळ पांढरे फटक होते. प्रत्यक्ष बसणाऱ्याला मात्र दिसते की ती सावली काळी नाही. तापलेल्या जमिनीवरून उठलेला उजेड तिच्यात खालून शिरलेला असतो. आजचा मोबाइल अनेक कमी-अधिक उजेडाच्या प्रतिमा आपल्या गणिताने एकत्र जुळवतो आणि दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत करून देतो. म्हणजे जुने छायाचित्र निदान आपली असमर्थता उघड करीत होते, नवे ती झाकते. टेकड्यांचेही तेच. मोबाइलचे भिंग रुंद पल्ल्याचे. त्यातून पाहिले की घाटंजीकडच्या बुटक्या टेकड्या क्षितिजावरचा दोरा होऊन जातात. डोळा त्यांना तसे पाहत नाही. मग चित्रकाराला टेकडी उणी वाटते आणि तो सह्याद्रीचा एखादा कडा कल्पनेने उभा करतो. फाल्गुन-चैत्रात पाने झडून राखाडी झालेले सागवन त्याला ओके वाटते, म्हणून तो त्याला कोकणातली हिरवाई चढवतो. विदर्भाचे निसर्गचित्र असे दुसऱ्याच्या प्रदेशातून उसने येते.

'मोठमोठ्यांनी छायाचित्रे वापरली, मग आम्हीच का नको?' हा प्रश्न नेहमी येतो. त्याला अजिंठ्याचे उदाहरण पुरेसे आहे. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. तोवर गिल कॅमेऱ्याकडेही वळला होता. म्हणजे छायाचित्रणाची सोय हाताशी होती. तरीही १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या अंधारात पुन्हा ब्रश घेऊन बसले. त्या काळच्या छायाचित्राला रंग टिपता येत नव्हता, हे उघड कारण. पण त्या विद्यार्थ्यांना तेथे बसून जे शिकता आले, ते आजच्या रंगीत छायाचित्रानेही फुकट मिळत नाही. गिलने कॅमेरा धरला तो इतक्या वर्षांच्या पाहण्यानंतर. आपल्याकडे क्रम उलटा आहे : आधी छायाचित्र, नंतरही छायाचित्र, पाहणे कधीच नाही.

आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांचे नाव आम्ही याच कारणाने घेतो. जे. जे. मध्ये शिकून ते कोल्हापुरास परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि कोटितीर्थाचा तलाव व त्याचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघालेली. कॅमेरा अज्ञात नव्हता. पण एकच तलाव दुसऱ्यांदा का काढावा, याचे उत्तर कॅमेऱ्यापाशी नव्हते. ते उजेडापाशी होते. वाघाडीच्या काठाला अजून असा कोणी भेटलेला नाही.

साहित्याच्या लोकांनी येथे हात झटकू नयेत. ग्रामीण कथाकवितेतली भेगाळलेली भुई हीदेखील पुष्कळदा वृत्तपत्रातल्या छायाचित्रावरून आलेली असते, आणि आम्ही शिक्षक तिला 'समर्थ प्रतिमा' म्हणून गुण देतो. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मधला वऱ्हाड चौकटीत बसवण्याजोगा देखावा होऊन येत नाही. तो कष्टातून आणि बोलीतून येतो. म्हणून तो खोटा ठरवता येत नाही.

आमची मागणी मोठी नाही. छायाचित्र जरूर काढावे. आठवणीसाठी, टिपणासाठी काढावे. पण एका धुऱ्यावर निदान एक वर्ष जावे. पेरणीला, फवारणीला, वेचणीला आणि वखरलेल्या रानाच्या वैशाखातही जावे. फवारणारा माणूस पाठीवर काय वाहतो आहे, ते पाहावे. भेग दिसली, तर ज्याची जमीन आहे त्याला तिचा अर्थ विचारावा. एवढे झाल्यावर ब्रश उचलावा की कॅमेरा, हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न आहे. तोवर घाटंजीच्या नावाने भेगाळलेली जमीन रंगवणाऱ्याला आम्ही वास्तववादी म्हणणार नाही.