शेवट ठाऊक होता, तोवर भूत खरं होतं

रात्री साडेदहाला केबल गेली की पहिला फोन कुठून येणार, हे २०१९ साली मला पाठ होतं. आधी अष्टमीतल्या एक शिक्षिका, मग दमखाडीतला रिक्षावाला, आणि पाठोपाठ वरसे गावातून एका दमात चार-पाच. क्रिकेटचा सामना असला तरी माणूस दोन मिनिटं थांबतो. बॉक्स बंद-चालू करतो, शेजाऱ्याला हाक मारून ‘तुमच्याकडे दिसतंय का’ विचारतो, मग फोन लावतो. ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या भागाला तेवढा धीर कुणाला नसायचा. “अहो भाऊ, अण्णा दारात उभे राहिलेत आणि तुमची लाइन गेली!” जणू अण्णा नाईकांना मीच दारात अडकवून ठेवलंय.

गच्चीवर मोठी छत्री बसवून घराघरांत काळी वायर ओढायच्या काळापासून मी रोह्यात केबलचा धंदा करतो. धवीर महाराजांची पालखी निघायच्या आधी गल्लीत खाली आलेल्या वायरी वर बांधायच्या, पावसाळ्यात वीज पडून जळालेले ॲम्प्लिफायर बदलायचे आणि महिन्याच्या सुरुवातीला वसुलीला फिरायचं, हे माझं काम. मालिकांवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की लोक त्यांच्याबद्दल काय बोलतात ते मी दारात उभा राहून ऐकतो. सुटे पैसे शोधेपर्यंत माणूस बरंच बोलतो.

२०२१ साली तिसरा भाग आला तेव्हा रात्रीचे फोन विरळ झाले, आणि वसुलीच्या वेळची भांडणं वाढली. “शेवंताची पार माती केली यांनी” हे मी इतक्या उंबऱ्यांवर ऐकलं, की पावतीवर छापून घ्यावं असं वाटायला लागलं. आत सोफ्यावरून कुणीतरी उलट ओरडायचं, “भुताची मालिका आहे ती. भुतात कसलं लॉजिक शोधता?” मग आईविरुद्ध मुलगा, सासूविरुद्ध सून. माझे पैसे तसेच कुणाच्या तरी मुठीत.

या भांडणात मी आईच्या आणि सासूच्या बाजूचा.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झी मराठीवर पहिला भाग फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाला. कोकणातलं नाईकांचं घर, अण्णांचा मृत्यू, त्यासाठी गोळा झालेली मुलं-सुना, आणि मग वाड्यात घडणारे प्रकार. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं, भाषा मालवणी वळणाची. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असे आक्षेप तेव्हाच घेतले गेले. जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला, तो काळाने मागे गेला. म्हणजे अण्णा जिवंत. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि त्याची प्रेयसी, अपूर्वा नेमळेकरची शेवंता, घराघरात जाऊन बसली ती तेव्हा. तिसरा भाग मार्च २०२१चा. त्यात अण्णाही मेलेले, शेवंताही मेलेली, आणि दोघं भुतं. नाईकांच्या घरातला पांडू ज्यांनी साकारला ते प्रल्हाद कुडतरकर या मालिकेचे लेखकही, हे पुष्कळांना उशिरा कळलं. आमच्या रिक्षावाल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे येडा बनून बसलेला सगळ्यांत हुशार निघाला.”

आता भुतात लॉजिक नसतं म्हणणाऱ्यांकडे वळू. ही मंडळी कोकणात कुणा म्हाताऱ्या माणसाशेजारी बसलेली नाहीत. आपल्याकडे भुतांना जितके नियम आहेत तितके नगरपरिषदेला नसतील. मुंजा पिंपळावर राहणार, आंब्यावर नाही. हडळीची पावलं उलटी. गिऱ्हा पाण्यातला, तो खाडीच्या कडेला गाठेल, गावाच्या चावडीवर येणार नाही. चकवा वाट चुकवतो, पण मारत नाही. देवचार सीमेचा राखणदार, त्याचा मान त्याला दिला की तो सोबत करतो. कुंडलिकेच्या खाडीवर रात्री जाळं टाकायला जाणारा माणूस या नियमांवर विश्वास ठेवो न ठेवो, त्याला ते माहीत असतात. आणि भीती वाटते ती नियमामुळेच. गिऱ्हा पाण्यात असतो हे माहीत असतं, म्हणून पाण्यात पाय घालताना अंगावर काटा येतो. तो कुठेही आणि कधीही येऊ शकत असता, तर माणसाने घाबरायचं तरी कुठे?

तिसऱ्या भागाबद्दल लोकांची तक्रार नेमकी हीच होती, फक्त त्यांच्या शब्दांत. मेलेल्या अण्णांना काय करता येतं आणि काय नाही? ते कुणाला दिसतात? उतारा कशावर चालतो? आज ज्याने भूत हटलं त्याने उद्या का हटत नाही? अष्टमीतल्या बाईंनी मला दारात उभं करून अख्खा हिशेब मांडला होता, मुलांची प्रगतिपुस्तकं भरावीत तसा. शेवटी म्हणाल्या, “मला भुताची भीती वाटायला हवी ना? मला लेखकाची काळजी वाटायला लागली.”

काळजी बरोबर होती. पण दोष लेखकाच्या गळ्यात घालणं मला पटत नाही. दुसरा भाग इतका का जमला, याचा मी बराच विचार केलाय; खांबावर चढून बसलं की विचाराला वेळ असतो. लोक सांगतात अभिनय, मालवणी, शेवंता. सगळं खरं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्या भागाला शेवट होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. पहिला भाग अण्णांच्या मरणापासून सुरू झाला होता, म्हणजे दुसऱ्याला तिथवर पोचणं भागच होतं. कुणी काही केलं तरी अण्णा वाचणार नव्हते. त्यामुळे लेखक हवे तेवढे दिवस घेऊ शकत होता, फाटे फोडू शकत होता, तरी गाडी रुळावरून घसरत नव्हती. एकेक पाप करत हा माणूस आपल्याच मरणाकडे चाललाय, हे त्याच्या बायकोला, माईला ठाऊक नव्हतं. बघणाऱ्याला ठाऊक होतं. सगळी गंमत त्यात होती. तिसऱ्या भागाला असं बांधलेलं टोकच नव्हतं. मेलेल्या माणसाला आणखी कुठे न्यायचं?

दुसऱ्या भागाची ओढ किती होती, ते मला २०२०च्या पावसात कळलं. टाळेबंदीमुळे मार्चपासूनच चित्रीकरण बंद. त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. झाडं, खांब, पत्रे, सगळं आडवं. माझ्या वायरी आणि विजेच्या वायरी यांचा असा गुंता झाला होता की कोणती कुणाची ते कापल्याशिवाय कळत नव्हतं. गावंच्या गावं अंधारात. लाइट आली की लोक आधी मोबाइल चार्ज करत, मग मला फोन. जुलैत नवे भाग सुरू होणार असं जाहीर झालं होतं. घराचे पत्रे उडालेल्या एका माणसाने प्लास्टिक बांधता बांधता मला विचारलं, “तेवढ्यात होईल ना लाइन?” त्याला मी काय सांगणार? त्याच्या घराआधी मी तीन खांब उभे करवून घेतले. ऑगस्टच्या अखेरीस तो भाग संपला, आणि संपला तेव्हा लोक हळहळले. संपताना हळहळ वाटावी अशा मालिका माझ्या वायरीतून फार थोड्या गेल्या. ‘असंभव’ आठवते, २००७ ते २००९ची, सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन. बाकीच्या संपल्या तेव्हा लोकांनी नुसतं ‘सुटलो’ म्हटलं.

माझी बहीण पेणजवळ हमरापूरला दिलेली. तिच्याकडे गणपतीचा कारखाना. आषाढ-श्रावणात तिथे रात्र रात्र काम चालतं आणि कोपऱ्यात टीव्ही लावलेला असतो, पण त्याच्याकडे बघतो कोण? डोळ्यांची आखणी करणाऱ्याची नजर ब्रशच्या टोकावरून हलली तर गणपती तिरळा होईल. तिथे लोक मालिका ऐकतात. त्यामुळे त्यांचं मत मला जास्त खरं वाटतं. शेवंताची साडी, वाड्यातला धूर, कॅमेऱ्याच्या कसरती, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही; पोचतो फक्त संवाद. तिसऱ्या भागाबद्दल तिथली एक आखणीवाली म्हणाली, “आधी पांडू बोलला की हसू यायचं आणि मागून भीती वाटायची. आता आधी वाद्यं वाजतात, मग कळतं की घाबरायचंय.” मेव्हण्यांनी टीव्ही बंद करून रेडिओ लावला. कुणी हरकत घेतली नाही.

मधेच शेवंता बदलली, हेही खरं. अपूर्वा नेमळेकर बाहेर पडली, तिच्या जागी कृतिका तुळसकर आली. लोकांनी सगळा राग तिच्यावर काढला आणि तो अन्याय होता. मेलेल्या बाईचा चेहरा बदलला तर एक वेळ चालतं. तिला करायला काही उरलं नव्हतं, ही खरी अडचण.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण ती बाहेर फारशी कुणी सांगत नाही. ही सगळी भांडणं वाहिनीपर्यंत कशी पोचतात? पोचतच नाहीत. देशात टीव्ही असलेली घरं तेव्हा एकवीस कोटींच्या आसपास, आणि कोण काय बघतं ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे मीटर लागले होते साधारण ४४ हजार घरांत. त्यातून दर गुरुवारी आकडा येतो. मीटरला एवढंच कळतं की या घरात ही वाहिनी चालू होती. घरातली आई डोळ्यांत पाणी आणून बघत होती, की मुलाशी कचाकचा भांडत ‘काय हा फालतूपणा’ म्हणत होती, हे त्याला कळायचा मार्ग नाही. शिव्या घालत बघणारा आणि जीव टाकून बघणारा, दोघांचा आकडा एकच. माझ्याकडेही तेच. इतक्या शिव्या देऊन कुणी येऊन सांगितलं का, की भाऊ, ही वाहिनी काढून टाका? २०१९च्या फेब्रुवारीपासून सरकारी नियमाने एकेक वाहिनी निवडायची सोय झाली, तरी लोक पॅकच घेतात आणि पॅकमध्ये सगळं असतं. म्हणजे ग्राहक रागावलाय हे ना मीटरला दिसत, ना माझ्या वहीत.

तो आकडा बरा असेतो मालिका चालते, पडला की आठवड्या-दोन आठवड्यांत गुंडाळा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि आज लिहिलेलं परवा चित्रित होऊन त्याच आठवड्यात दाखवायचं. आपली गोष्ट कधी संपणार हे त्या तिघांपैकी एकालाही माहीत नाही. पोहे किती माणसांना करायचे हे न सांगता कुणाला चुलीसमोर उभं केलं तर तो पाणी वाढवणारच. दूरदर्शनवर पूर्वी तेरा भागांची मंजुरी मिळायची, फार तर पुढे आणखी तेरा. तेव्हा लोक त्याला सरकारी खाक्या म्हणून हसायचे. दुसऱ्या टोकाला ‘चार दिवस सासूचे’ २००१ला सुरू झाली आणि तीन हजारांहून जास्त भाग करून थांबली. चार दिवस!

धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारी आमची पोरं माझं हे म्हणणं मोडून काढतात आणि त्यांच्याकडे मुद्दा आहे. ती ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाली. त्या मालिकेचा शेवट ठरलेला होता, आठवा सीझन, सहा भाग, १९ मे २०१९ला समाप्त, तरी लिखाण कोसळलंच. शेवटचा सीझन पुन्हा करा, असं म्हणत जगभरातून दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मूळ कादंबरीमालेचं पाचवं पुस्तक २०११ला आलं, पुढचं लेखकाच्या हातून सुटलंच नाही आणि मालिका पुस्तकाच्या पुढे निघून गेली. म्हणजे टोक माहीत असून भागत नाही, वाटही लागते. मान्य. पण तिथे निदान भांडणाला तोंड होतं. अमुक पात्राने सात सीझन असं वागून शेवटी तसं का केलं, हे विचारता आलं. आमच्याकडे मालिका कधी विरली हेच कळत नाही. एप्रिल २०२२ला तिसरा भाग संपला. ‘संपला?’ असं मला वसुलीच्या वेळी कुणीकुणी विचारलं.

निर्मात्याची बाजूही आहे. एका मालिकेवर लाइटवाले, स्पॉटवाले, मेकअपवाले, जेवण पुरवणारे अशी किती घरं चालतात. आकेरीचा तो वाडा बघायला तर लोक गाड्या करून गेले. चालू दुकान कोण बंद करील? माझाही फायदा मालिका चालण्यातच आहे, हे कुणी काढायच्या आत मीच सांगतो. तरी माझी मागणी फार मोठी नाही. नव्या मालिकेची जाहिरात करताना वार आणि वेळ सांगता, तसे भाग किती तेही सांगा. दीडशे सांगा, तीनशे सांगा, पण सांगा आणि पाळा. लेखकाला पहिल्या दिवशी कळू द्या की त्याचा अण्णा कितव्या भागात मरणार आहे. मधे आकडा चढला म्हणून वाढवायचं असेल तर दुसरा भाग काढा, लोक थांबतात. २०१६ आणि २०१९च्या मधे तसे थांबलेच होते की.

आमच्या दमखाडीच्या रिक्षावाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे मीटर टाकल्यावर आधीच सांगायचं, कुठे जायचंय?” मग जरा विचार करून म्हणाला, “पण रोह्यात मीटरने कोण जातं?”