माइक विकत घेण्याआधी जवळ घ्या

वेबकॅमवर या सदरात लिहिल्यापासून वाचकांचा एकच धोशा आहे: मीटिंगसाठी माइक कोणता घेऊ? बहुतेकांनी पाच-सात हजारांची तयारीही ठेवलेली असते. त्यांना मी आधी तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर विचारतो, आणि त्यांचा हिरमोड होतो.

हिशेब साधा आहे. अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलनं घटतो. लॅपटॉपचा माइक दीड-दोन फुटांवर. तिथवर तुमचं बोलणं क्षीण होतं. पंख्याची घरघर आणि उघड्या भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र तेवढाच राहतो. मग सॉफ्टवेअर आवाज वाढवतं, ते दोन्हींचा वाढवतं. म्हणून काही शे रुपयांच्या वायरवाल्या इअरफोनचा वीतभर अंतरावरचा माइक टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या महागड्या माइकला सहज मागे टाकतो. फक्त तो कॉलरला किंवा मंगळसूत्राला घासणार नाही, एवढं बघा.

ब्लूटूथचं दुखणं वेगळं. गाणी झकास वाजवणारा हेडसेट माइक सुरू होताच सहसा हँड्सफ्री पद्धतीवर जातो. जुन्या जोडणीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ‘स’ची धार नेमकी तिथेच असते. भाव ठरवताना ‘साठ’चं ‘आठ’ ऐकू आलं, तर दोष पलीकडच्याच्या कानांचा नाही. नव्या हेडसेटमध्ये हे बरंच सुधारलंय, तरी महत्त्वाच्या कॉलला मी वायरच लावतो.

यूट्यूबरांचं बघून कंडेन्सर माइक घेणाऱ्यांनी आपली खोली बघावी. हा माइक नाजूक आवाजही टिपतो. फरशी आणि रिकाम्या भिंतींच्या खोलीत शेजारची कुकरची शिट्टीही टिपतो. ब्लू यतीसारख्या माइकच्या शेंड्यात बोलणारे पुष्कळ दिसतात. त्याला समोरच्या बाजूनं बोलायचं असतं, आणि सेटिंग कार्डिऑइडवर, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपण्यावर, हवं.

गाणं शिकवणाऱ्यांना मात्र उलटा सल्ला. पुण्यातून न्यू जर्सीच्या शिष्याला शिकवताना सॉफ्टवेअर तानपुऱ्याला गोंगाट समजून पुसून टाकतं, लांबवलेला स्वरही मध्येच गिळतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा आणि कानाला हेडफोन लावा.

एवढा काथ्याकूट कशासाठी? २०१८ साली एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्त्झ यांनी शास्त्रज्ञांची तीच भाषणं आणि मुलाखती लोकांना चांगल्या व खराब आवाजात ऐकवल्या. खराब आवाज ऐकणाऱ्यांना संशोधनही सुमार वाटलं आणि संशोधकही. शब्द तेच होते. कॅमेऱ्यात आपला चेहरा आपल्याला दिसतो, म्हणून आपण केस सारखे करतो. आपला आवाज पलीकडे कसा पोचतो, ते आपल्याला कळतच नाही. ऐकणारे संकोचानं सांगत नाहीत आणि मनातल्या मनात गुण कापतात.

तेव्हा ज्या अ‍ॅपवर बोलता, त्यावरच मिनिटभर रेकॉर्ड करून ऐका. आवाज दबका असेल तर माइक जवळ घ्या. घुमत असेल तर खिडकीला जाड पडदा लावा. एवढ्यानं भागलं नाही, तरच दुकानाची पायरी चढा.